केसाएवढी रेघ : बोदोनीच्या अक्षराचा मागोवा

१९९६ साली मी पाचशे निमंत्रणपत्रिका रद्दीत घातल्या. त्या दिवसापासून हा लेख मनात आहे.

आमचा छापखाना तालुक्याच्या गावी. वडील आयुष्यभर जुळारी. दुसऱ्यांच्या छापखान्यांत पंचवीस वर्षे खिळे जुळवल्यावर त्यांनी कर्ज काढून एक जुने ट्रेडल मशीन घेतले. बारावीनंतर मी त्यांच्या हाताखाली गेलो आणि पुढे हट्टाने संगणक आणला. गावातल्या एका डॉक्टरांच्या दवाखान्याचे उद्घाटन होते. मुंबईहून शिकून आलेले गृहस्थ. त्यांनी परदेशी फॅशन मासिकाचे एक मुखपृष्ठ समोर टाकले आणि म्हणाले, "असे अक्षर पाहिजे." उंच, रुबाबदार इंग्रजी अक्षरे. खांब जाडजूड आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या रेघा केसासारख्या बारीक. माझ्या संगणकात त्या जातीचा एक फाँट होता. त्याचे नाव बोडोनी.

मी दवाखान्याचे नाव छत्तीस पॉइंटात घेतले. पत्ता, वेळ, फोन नंबर सहा पॉइंटात, त्याच फाँटमध्ये. मागे गर्द किरमिजी रंग आणि अक्षरे पांढरी. पडद्यावर पत्रिका अशी देखणी दिसत होती की मी शेजारच्या दुकानदाराला बोलावून दाखवली. प्लेट करून जिल्ह्याच्या गावाहून ऑफसेटवर छापून आणली आणि गठ्ठा सोडला, तेव्हा हातपाय गळाले. मोठे नाव ठीक होते. खालचा पत्ता मात्र वाचता येत नव्हता. शाई पसरून बारीक पांढऱ्या रेघा बुजल्या होत्या. इंग्रजी 'एच'मधली आडवी रेघ उडून नुसते दोन खांब उरले होते. 'ई'चा एक खांब आणि तीन ठिपके झाले होते. 'एन'चे दोन्ही उभे पाय गेले होते आणि मधली तिरपी पट्टी हवेत लोंबत होती. डॉक्टरांनी पत्रिका घेतल्या नाहीत, आणि त्यात त्यांचे काही चुकले नाही. नुकसान मी सोसले.

बाबांनी भिंग काढले, पत्रिका खिडकीपाशी नेली आणि बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, "टाइप चांगला आहे रे. तू त्याला नको त्या मापात घातलास."

त्या वेळी मला ते नुसते सांत्वन वाटले. पुढे जुन्या पुस्तकांच्या बाजारातून, ग्रंथालयांतून, मिळेल तिथून मुद्रणाचा इतिहास वाचत गेलो, तेव्हा कळले की बाबांनी एका वाक्यात जे सांगितले ते या अक्षराच्या सबंध इतिहासाचे सार आहे. माझे मुद्रणाचे औपचारिक शिक्षण नाही. पार्मा शहर मी पाहिलेले नाही. तिथल्या ग्रंथाची पाने पाहिली तीही संगणकाच्या पडद्यावर. तरीही हाताला शाई लागलेल्या माणसाला त्या पानांवर काही गोष्टी दिसतात. त्या इथे मांडतो.

बोरू, पीस आणि छिन्नी

आधी या अक्षराची ओळख करून घेऊ. रोमन अक्षराच्या टोकांना ज्या छोट्या आडव्या पट्ट्या असतात त्यांना सेरिफ म्हणतात. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या छापील रोमन अक्षरात हे सेरिफ खांबाला हलक्या वळणाने जोडलेले असत, झाडाचे खोड जमिनीला टेकताना पसरते तसे. जाड आणि बारीक रेघांत फरक असे, पण बेताचा. रुंद टोकाच्या, तिरप्या धरलेल्या लेखणीतून जे आपोआप उमटते तेवढाच. त्यामुळे 'ओ' अक्षराचा बारीक भागही थोडा कललेला असे.

आपल्याला हे समजायला बोरू पुरेसा आहे. बोरूचे टोक तिरपे कापले की रेघेची दिशा बदलेल तशी जाडी बदलते. देवनागरीत शिरोरेषा आणि उभा दंड जाडीला जवळपास सारखे येतात. बारीकपणा दिसतो तो तिरप्या वळणांत. जुन्या पोथ्या पाहाव्यात. तिथली जाड-बारीक लय हाताने मुद्दाम केलेली नाही, ती बोरूच्या कापातून आली आहे.

अठराव्या शतकात युरोपात दुसरी लेखणी आणि दुसरे हत्यार प्रतिष्ठित झाले. लेखणी म्हणजे टोकदार पीस. दाब दिला की त्याचे टोक फाकते आणि रेघ जाड होते, दाब काढला की केसाएवढी होते. हत्यार म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरायची छिन्नी. तिने वाटेल तितकी बारीक रेघ काढता येई. सुलेखनाची वळणपुस्तके आणि नकाशे अशा पत्र्यांवरून छापत. त्या नाजूकपणाची सवय झालेल्या डोळ्याला शिशाच्या खिळ्यांचे अक्षर राठ वाटू लागले असेल तर नवल नाही.

या वळणावरचे पहिले मोठे पाऊल फ्रान्समध्ये पडले. चौदाव्या लुईच्या सरकारी छापखान्यासाठी १६९२ पासून विज्ञान अकादमीच्या एका समितीने चौकटीच्या कागदावर, भूमितीच्या आधाराने अक्षरे आखली. फिलिप ग्रांजाँ या कारागिराने त्यांचे पंच कापले आणि १७०२ साली ती पुस्तकात छापून आली. लेखणीच्या हातातून अक्षर पट्टी-कंपासाच्या हातात गेले. कललेला 'ओ' सरळ उभा राहिला.

दुसरे पाऊल इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करव्हिलचे. हा मूळचा अक्षरलेखनाचा शिक्षक. पुढे लाखकाम केलेल्या वस्तूंच्या धंद्यात त्याने पैसा केला आणि तो छपाईत ओतला. त्याचे १७५७ चे व्हर्जिल मुद्रणाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. त्याच्या अक्षरांइतकेच महत्त्व त्याच्या कागदाला आहे. तोवरच्या हातकागदावर चाळणीच्या तारांच्या रेषा उमटत. व्हर्जिलमध्ये विणलेल्या जाळीवर केलेला गुळगुळीत कागद वापरला होता. बास्करव्हिल शाईही स्वतः बनवी आणि छापलेले पान गरम पत्र्यांमध्ये दाबून त्याला झळाळी आणी. बारीक रेघ टिकवायची तर कागद, शाई आणि दाब तिघांनी साथ द्यावी लागते, हे त्याने ओळखले होते.

लोकांनी मात्र नाके मुरडली. हे अक्षर वाचून डोळे जातील, असे बोलले जाऊ लागले. अमेरिकेचा बेंजामिन फ्रँकलिन स्वतः मुद्रक होता आणि बास्करव्हिलचा मित्र. त्याने १७६० साली बास्करव्हिलला एक गंमत कळवली. एक सद्गृहस्थ या अक्षरांमुळे सारा देश आंधळा होईल अशी तक्रार करत होते. फ्रँकलिनने कॅसलॉन या जुन्या, सर्वमान्य अक्षरांचा नमुना घेतला, वरचे नाव फाडून टाकले आणि बास्करव्हिलची अक्षरे म्हणून त्यांना दाखवला. गृहस्थांनी त्या नमुन्यातही सगळे दोष एकेक करून दाखवून दिले!

गोष्ट मजेची आहे, पण तिच्यावरून टीका पोकळच होती असे ठरवण्याची घाई मी करणार नाही. माझी पाचशे पत्रिकांची रद्दी समोर आहे.

रोमचा छापखाना आणि मराठीचा धागा

जांबात्तिस्ता बोदोनी १७४० साली उत्तर इटलीतल्या सालुत्सो या गावी जन्मला. आपण त्याचा उच्चार 'बोडोनी' करतो. यापुढे मूळ उच्चार वापरतो. वडील मुद्रक, आजोबाही मुद्रक. घरातच खिळ्यांचा खुळखुळाट. अठराव्या वर्षी नशीब काढायला तो रोमला गेला आणि प्रोपागांदा फिदे या धर्मप्रसार संस्थेच्या छापखान्यात जुळारी म्हणून लागला.

हा छापखाना साधा नव्हता. जगभर जाणाऱ्या मिशनऱ्यांसाठी तिथे नाना लिप्यांची पुस्तके छापत. बोदोनीने अरबी, कॉप्टिक, तिबेटी अशा अक्षरांचे काम केले. धूळ खात पडलेले पौर्वात्य लिप्यांचे जुने पंच साफ करून लावण्याचे कामही त्याच्याकडे आले. इथेच तो पंच कापायला शिकला. ज्याच्या नावाने आज शुद्ध युरोपीय डौल ओळखला जातो, त्या माणसाचा हात परक्या लिप्यांवर घडला आहे.

मराठी वाचकाने इथे थोडे थांबावे. याच छापखान्यातून १७७१ साली 'आल्फाबेतुम ब्राम्हानिकुम' हे पुस्तक निघाले. देवनागरी खिळे वापरून छापलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांत त्याची गणना होते. पुढे १७७८ साली तिथूनच पोर्तुगीज भाषेत लिहिलेले मराठीचे व्याकरण, 'ग्रामातिका मरास्ता', छापून बाहेर पडले. पुण्यात सवाई माधवरावांची पेशवाई होती आणि आपल्याकडे नागरी खिळ्यांचा छापखाना उभा राहायला अवकाश होता, तेव्हा रोममध्ये मराठीचे व्याकरण छापले जात होते. बोदोनीने या नागरी अक्षरांना हात लावला असे म्हणण्याचा मोह मला अनेकदा झाला. तो आवरला पाहिजे. त्याने १७६६ सालीच रोम सोडले होते. पण ज्या घरात त्याची उमेदवारी झाली त्याच घरात आपली भाषा छापली गेली, एवढे नाते खरे आहे आणि मला तेवढे पुरते.

छापखान्याचा प्रमुख रुज्जेरी हा बोदोनीचा आधार होता. त्याने आत्महत्या केली आणि बोदोनीचे मन तिथे लागेना. इंग्लंडला जावे, बास्करव्हिलच्या देशात काम करावे, असा त्याचा बेत होता. वाटेत सालुत्सोला आई-वडिलांना भेटायला थांबला, तिथे आजारी पडला आणि बेत राहून गेला. मग १७६८ साली पार्म्याच्या ड्यूक फर्दिनांदने त्याला सरकारी छापखाना उभारायला बोलावले. पुढची पंचेचाळीस वर्षे तो पार्म्यात राहिला.

सुरुवातीला त्याने पॅरिसच्या फूर्निए या कारागिराचे खिळे मागवले आणि त्यांच्या वळणावर स्वतःचे पंच कापले. नक्षीदार चौकटी, वेलबुट्टी, सगळे फूर्निएसारखे. हळूहळू वेलबुट्टी गळत गेली. पानावर मोठी मोकळी जागा आली. अक्षराचे खांब उभे आणि जाड झाले, आडव्या रेघा बारीक होत गेल्या, आणि सेरिफ खांबाला कोणत्याही वळणाशिवाय काटकोनात येऊन भिडला.

हे एकट्या बोदोनीचे कर्तृत्व नव्हे. पॅरिसमध्ये दिदो घराणे त्याच दिशेने चालले होते. फ्रांस्वा-आंब्रुआझ दिदोने मुद्रणातील पॉइंटचे माप पक्के केले आणि त्याचा मुलगा फिरमाँ याने १७८४ च्या सुमारास कापलेल्या अक्षरांत हे नवे रूप पूर्णपणे दिसते. बोदोनीने ते पाहिले आणि त्यातून घेतले, हे इतिहासकार मान्य करतात. पुढे या चुरशीत तक्रारीही झाल्या. बोदोनीच्या पुस्तकांत पाठ शुद्ध नसतो, मुद्रणदोष राहतात, अशी टीका त्याच्या हयातीतच झाली. तिच्यात तथ्य होते. बोदोनीची पुस्तके राजे, सरदार आणि संग्राहक यांच्यासाठी असत. भव्य आकार, रुंद समास, मोठे अक्षर. ती वाचण्याआधी पाहिली जात. फ्रँकलिनने १७८७ साली पत्र लिहून त्याच्या अक्षरनमुन्याचे कौतुक केले. १८०८ साली त्याने छापलेले होमरचे 'इलियड' नेपोलियनला अर्पण केलेले होते.

प्रत्येक मापाचा वेगळा पंच

आता बाबांच्या वाक्याकडे येतो.

खिळा कसा तयार होई ते आधी पाहू. पोलादाच्या बोटभर कांडीच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे. अक्षराच्या आतली पोकळी आधी दुसऱ्या पंचाने ठोकून घ्यायची, मग बाहेरची कड कानशीने घासत आणायची. मधूनमधून टोक ज्योतीवर धरून काजळी धरू द्यायची आणि कागदावर टेकवून पाहायचे. मनासारखे झाले की पोलादाला पाणी द्यायचे, म्हणजे ते कठीण होते. हा पंच तांब्याच्या तुकड्यात ठोकला की खोलगट ठसा मिळतो, ती मातृका. मातृका साच्यात बसवून त्यात शिसे, कथील आणि अँटिमनी यांचा रस ओतला की खिळा निघतो.

या सगळ्यात कळीची गोष्ट अशी की एक पंच म्हणजे एकच अक्षर आणि एकच माप. बारा पॉइंटाचा 'ए' हवा तर त्याचा पंच वेगळा, सहा पॉइंटाचा हवा तर तो वेगळा. लहान मापाचे अक्षर कापताना कारागीर मोठ्याची नक्कल करत नसे. तो बारीक रेघ जरा जाड ठेवी, अक्षराचे पोट मोकळे करी, दोन अक्षरांत अंतर थोडे जास्त देई. कारण शाई किती पसरते, कागद किती शोषतो आणि डोळ्याला किती दिसते हे त्याला ठाऊक असे. मोठ्या मापात हेच सगळे उलटे करता येई. रेघ हवी तितकी बारीक, अंतर हवे तितके जवळ.

बोदोनी १८१३ साली वारला. त्याच्या आयुष्याचा हिशेब म्हणावा असा ग्रंथ 'मानुआले तिपोग्राफिको' १८१८ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाला. तो पूर्ण केला त्याच्या पत्नीने, मार्गेरिता दाल्लाल्यो हिने, छापखान्याचा प्रमुख कारागीर लुइजी ओर्सी याला हाताशी धरून. नवऱ्याच्या मागे पाच वर्षे छापखाना चालवून तिने हे काम तडीस नेले. मुद्रणाच्या इतिहासात हिचे नाव बहुधा एका ओळीत उरकतात. ती नसती तर बोदोनीचे सगळे काम आज एका ठिकाणी पाहायला मिळाले नसते.

प्रस्तावनेत बोदोनीने सुंदर अक्षराचे चार गुण सांगितले आहेत: नियमितपणा, स्वच्छ रेखीवपणा, सुरुची आणि लावण्य. नंतर नुसते नमुने, पानामागून पान. सर्वांत लहान मापाला त्याने आपल्या शहरावरून 'पार्मिजानिना' नाव दिले, सर्वांत मोठ्याला 'पापाले', म्हणजे पोपचे. मधल्या मापांत एकेका पायरीवर कितीतरी प्रकार आहेत, अंगाने भरलेले, सडपातळ, थोडे रुंद, थोडे अरुंद. प्रथम पाहताना मला ही हौस वाटली. दहा-बारा वेळा पाहिल्यावर ध्यानात आले की 'बोदोनी' नावाचे एक अक्षर मुळात नाहीच. शेकडो पंचसंचांचा तो गोतावळा आहे. लहान मापांतले बोदोनी पाहिले तर ते शांत, भरीव, वाचायला सोपे आहे. केसाएवढी रेघ आहे ती मोठ्या मापांत, जिथे तिला जागा आहे.

आणखी एक बारकावा छापखान्यातल्या माणसाला चटकन कळेल. ओल्या केलेल्या कागदावर खिळा दाबला की शाई कडेने किंचित बाहेर येते. कागदावरची रेघ पंचावरच्या रेघेपेक्षा जाड उमटते. बोदोनीने कापलेली रेघ आणि वाचकाने पाहिलेली रेघ यांत हा शाईचा वाटा धरलेला होता.

जाहिरातीच्या भिंतीवर

बोदोनीच्या हयातीतच इंग्लंडमध्ये या अक्षराला वेगळे पाय फुटले. लॉटऱ्या, नाटके, लिलाव, पेटंट औषधे यांच्या जाहिराती भिंतींवर लागू लागल्या. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या रॉबर्ट थॉर्नसारख्या ओतारींनी खांब इतके फुगवले की अक्षर काळ्या ठोकळ्यासारखे दिसावे, आणि बारीक रेघ तेवढीच बारीक ठेवली. याला 'फॅट फेस' म्हणतात. अमेरिकेत डॅरियस वेल्सने १८२७ च्या सुमारास यंत्राने लाकडी खिळे कोरायला सुरुवात केली आणि वीतभर उंचीची अक्षरे स्वस्तात मिळू लागली. मजकूर वाचण्यासाठी लागणारे अक्षर आणि लांबून नजर ओढून घेणारे अक्षर हे दोन वेगळे धंदे झाले. छापखान्यात आम्ही ज्याला 'डिस्प्ले टाइप' म्हणायचो त्याची वंशावळ इथे सुरू होते.

शतकाच्या अखेरीस विल्यम मॉरिसने या साऱ्या अक्षरकुळावर झोड उठवली. त्याला बोदोनीचे अक्षर कुरूप वाटे. हाताच्या लेखणीची ऊब त्यातून गेली, असा त्याचा रोख होता. तो बोलत होता तेव्हा बोदोनीच्या नकलांच्या नकला स्वस्त कागदावर, झिजलेल्या खिळ्यांनी छापल्या जात होत्या. त्याचा राग मला समजतो. त्याने तो मूळ कारागिरावर काढला, एवढेच.

विसाव्या शतकात अक्षर परत आले. १९१० च्या आसपास अमेरिकेत मॉरिस फुलर बेंटनने बोदोनीचा नवा अवतार काढला. जर्मनीत बाउअर ओतशाळेने १९२६ साली हाइनरिख योस्टच्या देखरेखीखाली आपला बोदोनी आणला; अनेकांच्या मते मुळाच्या डौलाशी तो सर्वांत जवळचा. १९३४ पासून 'हार्पर्स बझार' मासिकाची मांडणी अलेक्सी ब्रोदोविच याच्याकडे आली. पांढरी मोकळी जागा, एक छायाचित्र आणि या जातीची मोठी अक्षरे, अशी त्याची पाने असत. तेव्हापासून दागिने, अत्तरे, उंची कपडे यांचे हे जणू कुलचिन्हच झाले. माझ्या डॉक्टरांनी जे मुखपृष्ठ दाखवले ते याच परंपरेतले. राजेरजवाड्यांसाठी कापलेले अक्षर आता दुकानाच्या काचेआड आले होते.

मग आले फोटो टाइपसेटिंग. फिल्मवर एकच अक्षर आणि पुढे भिंग. भिंग सरकवले की तेच अक्षर सहा पॉइंटात, तेच बहात्तर पॉइंटात. सोय मोठी होती, पण प्रत्येक मापासाठी वेगळे अक्षर कापण्याची चारशे वर्षांची रीत तिच्यासाठी मोडली. संगणकाने तीच पद्धत उचलली. पडद्यावर आकडा बदलला की अक्षर रबरासारखे ताणते किंवा आक्रसते, आणि केसाएवढी रेघ आक्रसून नाहीशी होते. मी १९९६ साली केले ते नेमके हेच. बहात्तर पॉइंटाला शोभणारे रेखाटन मी सहा पॉइंटात दाबले, तेही पांढरे, गर्द रंगाच्या आत, जिथे शाई रेघेला जाड करण्याऐवजी खाऊन टाकते.

गंमत अशी की या दुखण्यावर उपाय तेव्हा होऊन गेला होता. 'हार्पर्स बझार'च्याच १९९२ सालच्या नव्या मांडणीसाठी जोनाथन हेफ्लरने दिदोच्या वळणाचे अक्षर काढले ते वेगवेगळ्या मापांसाठी वेगवेगळे, म्हणजे कुठेही वापरले तरी बारीक रेघ बारीकच दिसेल पण तुटणार नाही. आणि १९९४ साली आयटीसीने बोदोनी आणला तो सहा, बारा आणि बहात्तर अशा तीन मापांच्या रेखाटनांत. त्यासाठी रेखाटनकारांनी पार्म्याला जाऊन मूळ पंच आणि पुस्तके पाहिली होती. दोनशे वर्षांनी संगणकाला पंच कापणाऱ्याचे शहाणपण परत शिकावे लागले. आमच्या गावापर्यंत ती वार्ता पोहोचायची होती.

आपल्या शिरोरेषेचे काय?

हा प्रश्न मला सतत पडतो. जावजी दादाजींनी १८६४ साली मुंबईत टाइप ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना. त्यांच्याकडे राणूजी रावजी आरू यांनी कापलेली देवनागरी अक्षरे आजही डोळ्यांना निववतात. पार्म्यात बोदोनीने जे केले त्या जातीचे काम, प्रत्येक मापाचे पंच हाताने कापण्याचे, इथे आरूंनी केले. काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे धरली तर त्यांचे काम रोमन कारागिराहून कितीतरी पट किचकट. तरीही आरूंचे नाव मराठी वाचकाला सांगावे लागते, ही खंत आहे.

मोठ्या मापाच्या शीर्षकी अक्षराचा प्रवास मात्र आपल्याकडे वेगळा झाला. आमच्या छापखान्यात देवनागरीचे मोठे टाइप म्हणजे दोन-तीन केसी. वेगळे काही हवे तर पेंटरकडून किंवा चित्रकाराकडून अक्षर काढून घ्यायचे आणि त्याचा जस्ताचा ब्लॉक करायचा. नाटकांच्या जाहिराती, पुस्तकांची मुखपृष्ठे, दिवाळी अंकांची शीर्षके अशीच घडली. कमल शेडगे यांनी नाटकांच्या नावांना दिलेली रूपे ज्यांनी वर्तमानपत्रांत पाहिली आहेत त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. आपले डिस्प्ले अक्षर खिळ्यांच्या पेटीपेक्षा चित्रकाराच्या हातात जास्त जगले. म्हणून ते प्रत्येक वेळी त्या-त्या मापासाठीच काढले गेले, आणि माझ्यासारखी चूक होण्याचा प्रश्न आला नाही.

बोदोनीचा टोकाचा जाड-बारीक भेद देवनागरीत आणायचा तर अडचण शिरोरेषेची आहे. रोमनच्या हिशेबाने आडवी रेघ बारीक हवी. पण आपल्या शब्दाची सगळी अक्षरे ज्या दोरीवर टांगलेली असतात ती दोरीच केसाएवढी केली तर शब्द सैल पडतो. जाड ठेवली तर बोदोनीचा थाट येत नाही. इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ साली 'रोझा वन' हा फाँट आणला. त्यात फॅट फेसच्या वळणाची रोमन आणि देवनागरी अक्षरे जोडीने आहेत. शीर्षकासाठी, मोठ्या मापात वापरायचा हा फाँट. तो मी पत्रिकांच्या नावांसाठी वापरतो आणि गिऱ्हाइकाने कितीही आग्रह केला तरी पत्त्यासाठी वापरत नाही.

बाबा जाऊन आता बरीच वर्षे झाली. ट्रेडल भंगारात गेले; खिळे मात्र मी विकू दिले नाहीत. त्यांचे भिंग माझ्या टेबलावर असते. प्लेट करण्याआधी मी मजकूर खऱ्या मापात कागदावर काढतो, खिडकीपाशी नेतो आणि सर्वांत बारीक रेघ कुठे आहे ते आधी शोधतो. गावातल्या नव्या पोरांनाही तेवढेच सांगतो. ती हसतात. पडद्यावर तर स्पष्ट दिसते आहे, म्हणतात. मलाही तसेच दिसले होते.

हा अंक हातात असताना वाचकांनी एक करून पाहावे. सराफांच्या, साड्यांच्या, अत्तरांच्या जाहिरातींची पाने उघडावीत आणि इंग्रजी अक्षरांवर भिंग धरावे. जिथे जाड खांबांमधली बारीक रेघ सलग दिसेल, तिथे कोणीतरी माप पाहून अक्षर निवडले आहे. जिथे 'एच'चे नुसते दोन खांब दिसतील, तिथे अक्षराला नावे ठेवू नयेत. त्या पाचशे पत्रिकांतली एक मी जपून ठेवली आहे. मोठ्या नावातला 'एच' तिच्यावर अजून धड आहे.